राष्ट्राध्यक्ष, कायदेमंडळ आणि कोंडीचं गणित

मार्च 1924. नागपुरात मध्य प्रांताचं कायदेमंडळ भरलं आणि सदस्यांनी मंत्र्यांचा पगार वर्षाला 2 रुपयांवर आणून ठेवला. 1923 च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाला, म्हणजे कायदेमंडळात शिरून सरकारची अडवणूक करू पाहणाऱ्यांना, स्पष्ट बहुमत मिळालेला हा देशातला एकमेव प्रांत. बहुमत हाती होतं, सरकार मात्र हाती नव्हतं. 1919 च्या कायद्याने आलेल्या द्विदल राज्यपद्धतीत पोलीस, महसूल, अर्थ ही ‘राखीव’ खाती गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे असत. शिक्षण, आरोग्य अशी ‘सोपीव’ खाती मंत्र्यांकडे असत, पण तेही गव्हर्नरनेच नेमलेले. त्या गव्हर्नरला घरी पाठवण्याचा कुठलाही मार्ग सदस्यांकडे नव्हता. त्यांच्याकडे होती फक्त तिजोरीची किल्ली. ती त्यांनी फिरवली, खर्चाच्या मागण्या फेटाळल्या. मंत्र्यांनी राजीनामे दिले, गव्हर्नरने सोपीव खातीही आपल्याकडे घेतली आणि विशेषाधिकार वापरून खर्च चालू ठेवला.

स्वातंत्र्यलढ्यातला हा प्रसंग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही, याचं मला वाईट वाटतं. राज्यशास्त्राच्या दृष्टीने तर तो फारच मोलाचा आहे. पैसा मंजूर करणारे एकीकडे, कारभार करणारा दुसरीकडे आणि कोणीच कोणाला हटवू शकत नाही, अशी रचना असली की भांडण कुठे जाऊन थांबतं, हे त्यात स्वच्छ दिसतं.

आता अमेरिका बघा. तिथला राष्ट्राध्यक्ष परकी सत्तेने नेमलेला नाही, लोकांनी निवडलेला आहे. पण काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, तीही लोकांनीच निवडलेली आहे. हुआन लिंझ या राज्यशास्त्रज्ञाने 1990 मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं. दोघेही म्हणणार, ‘जनतेचा कौल माझ्याकडे आहे’, आणि दोघेही खरंच बोलत असणार. मग खरा कौल कोणाचा, हे ठरवणारं लोकशाही तत्त्वच उरत नाही. त्यात दोघांच्या मुदती ठरलेल्या, त्यामुळे मधेच निवडणूक घेऊन वाद मिटवण्याची सोयही नाही.

वाद पेटतो तो बहुधा प्राधान्यक्रमावरून, म्हणजे आधी काय करायचं आणि कशावर खर्च करायचा यावरून. डिसेंबर 2018 मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांना मेक्सिकोच्या सीमेवर भिंत बांधायला 5.7 अब्ज डॉलर हवे होते. ते मिळेनात, तेव्हा खर्चाचं विधेयक अडलं आणि सरकारचा मोठा भाग 35 दिवस ठप्प झाला. सुमारे 8 लाख केंद्रीय कर्मचाऱ्यांचा पगार थांबला. त्यातले निम्म्याहून अधिक लोक बिनपगारी कामावर येत होते, विमानतळांवरचे सुरक्षा कर्मचारी त्यांच्यातच. 2025 मध्ये आरोग्यविम्याच्या अनुदानावरून 1 ऑक्टोबर ते 12 नोव्हेंबर असं 43 दिवसांचं शटडाउन झालं, तोवरचं सर्वांत लांब. मुळात पैसे मंजूर झाले नाहीत की कार्यालयांना टाळं, ही प्रथा काही अमेरिकी राज्यघटनेइतकी जुनी नाही. 1980 मध्ये तिथले अ‍ॅटर्नी जनरल बेंजामिन सिविलेटी यांनी एका जुन्या कायद्याचा अर्थ लावला की मंजुरीशिवाय काम चालू ठेवणंच बेकायदा आहे. त्याआधी मंजुरीला उशीर झाला तरी बहुतेक कार्यालयं चालूच राहत.

या दोन्ही वेळी, निदान सुरुवातीला, राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेसची दोन्ही सभागृहं एकाच पक्षाकडे होती. तरीही अडलं. ते का, हे समजायला राज्यशास्त्रज्ञ कीथ क्रेबील यांचं एक साधं प्रतिमान फार उपयोगी पडतं.

सिनेटचे, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाचे, 100 सदस्य एका रांगेत उभे आहेत असं समजा. सर्वांत डाव्या विचाराचा पहिला, सर्वांत उजव्या विचाराचा शंभरावा. साधं बहुमत 51 चं. पण बहुतेक विधेयकांवरची चर्चा संपवून मतदानाला यायचं तर 60 जण लागतात. राष्ट्राध्यक्षांनी नकाराधिकार वापरला, तर तो उलटवायला दोन तृतीयांश, म्हणजे 67. आता राष्ट्राध्यक्ष डावीकडचे आहेत असं धरा. धोरण उजवीकडे न्यायचं, तर ते नकाराधिकार वापरणार. म्हणजे उजवीकडून मोजत 67 जण जमवावे लागणार आणि डावीकडून 34 वा सदस्यही पटवावा लागणार. धोरण डावीकडे न्यायचं, तर राष्ट्राध्यक्ष सही करतील, पण डावीकडून 60 व्या सदस्यापर्यंत सगळे हवेत. चालू धोरण या 34 व्या आणि 60 व्या सदस्यांच्या मतांच्या मधे कुठेही असेल, तर ते जागचं हलत नाही. 51 जणांना ते नकोसं असलं तरी नाही.

या पट्ट्यात कोणाचा हटवादीपणा, कोणाचा स्वभाव यांचा काही संबंध नाही. पट्टा किती रुंद, हे मात्र पक्षांवर ठरतं. कीथ पूल आणि हॉवर्ड रोझेंथल यांनी 1789 पासूनच्या काँग्रेसमधल्या मतदानाच्या नोंदी घेऊन प्रत्येक सदस्याचं रांगेतलं स्थान गणिताने काढलं. कोण कोणाच्या बाजूने किती वेळा मत देतो, एवढ्याच माहितीवर. विसाव्या शतकाच्या मध्यावर दोन्ही पक्षांचे बरेच सदस्य एकमेकांत मिसळलेले दिसतात. आज सर्वांत मवाळ रिपब्लिकनही सर्वांत मवाळ डेमोक्रॅटच्या उजवीकडेच सापडतो. मधली जागा रिकामी झाली की 34 वा आणि 60 वा सदस्य दोन वेगळ्या तळांवर जाऊन पडतात आणि अडकलेल्या धोरणांचा पट्टा फुगतो.

यावर अभ्यासकांचं एकमत आहे असं नाही. डेव्हिड मेह्यू यांनी 1946 ते 1990 मधले महत्त्वाचे कायदे मोजले. राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि काँग्रेस दुसऱ्याची असतानाही ते जवळपास तेवढेच झाले होते. मग कोंडीची ओरड खोटी? सारा बाइंडर यांनी वेगळा प्रश्न विचारला. झालेले कायदे मोजून भागेल कसं, सोडवायचे प्रश्न किती होते तेही मोजायला हवं. अंशाखाली छेद घातल्यावर चित्र बदललं. सत्ता विभागलेली असताना आणि पक्षांमधलं अंतर वाढलेलं असताना न सुटलेल्या प्रश्नांचं प्रमाण वाढत होतं. एका छेदाने उत्तर फिरवलं, हा भाग मला या साऱ्या संशोधनात सर्वांत सुंदर वाटतो.

फ्रान्सिस ली यांचं निरीक्षण याहून अस्वस्थ करणारं आहे. 1981 ते 2004 मधलं सिनेटचं मतदान त्यांनी तपासलं. राष्ट्राध्यक्षांनी एखादा विषय आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर घेतला की त्यावरचं पक्षीय भांडण वाढतं. विज्ञान-तंत्रज्ञानासारख्या, ज्यात डावं-उजवं असं फारसं काही नसतं, त्या विषयांवरही. कारण उघड आहे. राष्ट्राध्यक्षांचं यश म्हणजे त्यांच्या पक्षाचं यश, आणि ते विरोधकांना पुढच्या निवडणुकीत महाग पडतं. म्हणजे ज्या कामाला नेत्याने सर्वांत जास्त जोर लावावा, तेच काम अडण्याची शक्यता वाढते.

मग कोंडी फुटते कशी? नागपुरातली फुटली ती पक्ष फुटल्यामुळे. ऑक्टोबर 1925 मध्ये कायदेमंडळाचे अध्यक्ष आणि स्वराज्य पक्षाचेच नेते श्री. बा. तांबे यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातलं पद स्वीकारलं आणि अडवणुकीचं धोरण आतून खिळखिळं झालं. ब्राझीलमध्ये हेच राजरोस चालतं. राष्ट्राध्यक्ष अनेक पक्षांना मंत्रिपदं वाटून कायदेमंडळात बहुमत बांधतात. दक्षिण कोरियात 3 डिसेंबर 2024 च्या रात्री अध्यक्ष यून यांनी दुसरी वाट धरली. विरोधकांच्या ताब्यातलं कायदेमंडळ अंदाजपत्रकाला कात्री लावतं, अधिकाऱ्यांवर महाभियोग आणतं, अशी कारणं देत त्यांनी मार्शल लॉ पुकारला. सभागृहात पोचलेल्या 190 सदस्यांनी काही तासांत तो एकमताने फेटाळला. 4 एप्रिल 2025 ला घटनात्मक न्यायालयाने यून यांना पदावरून दूर केलं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेत शिकले होते आणि द्विदल राज्यपद्धतीच्या आर्थिक बाजूची चिकित्सा त्यांनी केली होती. 4 नोव्हेंबर 1948 ला संविधानाचा मसुदा मांडताना त्यांनी दोन्ही पद्धती समोरासमोर ठेवल्या. अमेरिकी पद्धत स्थैर्य जास्त देते, संसदीय पद्धत जबाबदारी जास्त. प्रश्न, ठराव, अविश्वास प्रस्ताव यांतून सरकारची परीक्षा रोजच्या रोज होते, आणि मसुद्याने जबाबदारीला झुकतं माप दिलं आहे, असं त्यांनी सांगितलं.

म्हणून नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या फेटाळल्या गेल्या, तर टाळं कार्यालयांना लागणार नाही, सरकारला जावं लागेल. वाद तिथेच मिटतो. पण इथे दुसरं टोक गाठलं गेलं आहे. 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीने पक्षादेश मोडणाऱ्याचं सदस्यत्व जाऊ शकतं, आणि हा व्हिप साध्या विधेयकावरही निघतो. 1990 मध्ये दिनेश गोस्वामी समितीने सुचवलं होतं की व्हिप मोडल्याची ही शिक्षा फक्त विश्वास-अविश्वास ठरावांपुरती ठेवावी. ते अजून झालेलं नाही. मला वाटतं, त्यात अर्थविषयक मतदानाची भर घालून ती शिफारस मान्य करायला हवी. सरकार स्थिर राहील आणि अधिवेशनावर निघालेला आणि नागपुरात टेकडी रोडवर अडवलेला मोर्चा ज्या मागणीसाठी आला आहे, तिच्या बाजूने विदर्भातला सत्ताधारी आमदारही एखाद्या विधेयकावर स्वतःच्या सरकारविरुद्ध मत देऊ शकेल.