एकेरीत सर्व्हिस लांबच मारायची? कोण म्हणतं!

जळगाव-धुळ्याकडच्या बॅडमिंटन हॉलमध्ये नव्या पोराला पहिला सल्ला ठरलेला: एकेरीत सर्व्हिस लांबच, आखूड ती दुहेरीवाल्यांची. नियमात असं काहीही नाही. जाळ्यापासून १.९८ मीटरवरची रेषा ते मागची शेवटची रेषा, एवढ्या तिरक्या चौकटीत शटल कुठेही पडलं तरी चालतं.

पुरुष एकेरीतले आजचे बहुतेक अव्वल खेळाडू बॅकहँडने आखूडच सर्व्हिस करतात. उंच शटल म्हणजे स्मॅशला आमंत्रण. महिला एकेरीत लांब सर्व्हिस अजून भरपूर दिसते.

समोरचा मागे पळायला आळशी असेल तर लांब जरूर मारा, पण शटल शेवटच्या रेषेजवळ सरळ खाली यायला हवं. मधेच पडलं तर भोगा! त्यात आपला खान्देशी उन्हाळा. तापलेली हवा विरळ, शटल जास्त पळतं. जानेवारीत रेषेवर पडणारी सर्व्हिस मे महिन्यात बाहेर जाते. तेव्हा ७७ ऐवजी ७६ नंबरचं, म्हणजे जरा कमी पळणारं शटल घ्या. आखूड सर्व्हिसला उन्हाचा त्रास कमी. मात्र ती जाळ्यावरून वीतभर उंच गेली, की समोरचा पुढे येऊन ठोकणारच.