हैतीच्या मळ्यांवरचे गुलाम एकसारखे नव्हते

हैतीची क्रांती म्हणलं की 'गुलाम उठले, मालकांना हाकललं' एवढंच सांगून मोकळे होतात लोक, पण त्या गुलामांच्यात आपापसात भरपूर उतरंड होती आणि ती माहीत नसेल तर १७९१ ते १८०४ मधल्या निम्म्या गोष्टी डोक्यावरून जातात.

तेव्हा कॅरिबियन समुद्रातली हैती ही फ्रेंचांची वसाहत, नाव सँ-दोमँग. १७८९ च्या आसपास गुलाम ५ लाखांच्या घरात, गोरे साधारण ३० हजार, आणि जवळपास तेवढेच स्वतंत्र मिश्रवंशीय नि काळे, ज्यातल्या काहींचे स्वतःचे मळे होते, गुलामपण होते!

गुलामांच्यात पहिला फरक जन्माचा. बेटावर जन्मला तो क्रेओल, जहाजातून आणला तो बोसाल. उसाच्या मळ्यांवर माणसं इतकी मरायची की सतत नवीन आणावी लागायची, त्यामुळे क्रांतीच्या वेळी बहुसंख्य गुलाम आफ्रिकेतच जन्मलेले होते. त्यांच्यातही काँगो, अरादा, इबो, नागो असे गट, प्रत्येकाची भाषा वेगळी. क्रेओल गुलाम यांना अडाणी समजायचे, आपण बाप्तिस्मा झालेले, बेटाची बोली येणारे, म्हणून जरा वरचे.

दुसरा फरक कामाचा. सगळ्यात खाली शेतातली टोळी, तगडे बाई-पुरुष पहिल्या टोळीत, अशक्त दुसऱ्या, पोरं तिसऱ्या. त्यांच्या वर साखर शिजवणारे, सुतार, गाडीवान. घरकाम करणाऱ्यांना कपडे-जेवण बरं मिळायचं पण चोवीस तास मालकाच्या नजरेखाली, आणि बायकांसाठी त्याचा अर्थ काय होता ते वेगळं सांगायला नको. या सगळ्यात महत्त्वाचा माणूस म्हणजे टोळीवरचा मुकादम, आपल्या ऊसतोडीत असतो तसाच, फक्त याच्या हातात चाबूक आणि हा स्वतःपण गुलामच.

मालकांचा हिशोब असा की यांना थोडं वर ठेवलं की बाकीचे आपोआप दबून राहतील. झालं उलटंच. १४ ऑगस्ट १७९१ ला बंडाचा बेत ठरवायला जमले ते मुख्यतः हेच मुकादम आणि गाडीवान, कारण रविवारी मळ्याबाहेर जायची मोकळीक त्यांनाच जास्त होती, ओळखी पण त्यांच्याच. बंडाचा सुरुवातीचा पुढारी बूकमान त्यातलाच. आठवड्याभरात उत्तरेचे मळे पेटले. पुढे क्रांतीचा सगळ्यात मोठा नेता झालेला तुसाँ लूव्हेर्त्यूर पण मळ्यावर गाडीवान होता, बंडाच्या बऱ्याच आधी स्वतंत्र झालेला.

पण म्हणून भेद मिटले का, तर नाही. १८०२ मध्ये वसाहत परत मुठीत घ्यायला नेपोलियनचं सैन्य आलं तेव्हा क्रिस्तोफ, देसालिन असे क्रांतीतलेच सेनापती काही महिने फ्रेंचांच्या बाजूला गेले आणि डोंगरात लढत राहिले ते बरेचसे बोसाल लोकांचे गट, त्यातलाच एक नेता सां-सूसी. नंतर क्रिस्तोफ फ्रेंचांना सोडून परत फिरला, पण त्याचा हुकूम मानायला सां-सूसी तयार होईना, म्हणून त्याला बोलणीला बोलावून मारलं. पुढे राजा झाल्यावर क्रिस्तोफने १८१३ मध्ये जो राजवाडा पुरा केला त्याचं नावही सां-सूसी, आणि हे नाव का दिलं यावर इतिहासकार अजून भांडतायत.