टेबल राखताना पथ्य आधी सांगा

आमच्याकडे टेबल आधी राखावं लागतं आणि रात्रीचं जेवण पाच टप्प्यांत येतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तरी शनिवारी पहिलं सूप टेबलावर आलं की कुठून तरी प्रश्न येतोच : "यातला कांदा-लसूण काढून देता का?" नाही देता येत. हे पत्रक मुख्यतः त्या एका प्रश्नासाठी.

सूप तुमच्यापुढे आठ वाजता येतं, पण त्याचा स्टॉक दुपारीच झालेला असतो : कांदा, गाजर, सेलरी आणि आडवी कापलेली लसणाची गड्डी मंद आचेवर पाऊण तास, मग गाळून घ्यायचं. हाच स्टॉक सूपमध्ये, आंबेमोहोराच्या रिसोटोत आणि मुख्य पदार्थाच्या सॉसमध्ये जातो. म्हणजे पाचांपैकी तीन टप्प्यांत कांदा आहे, आणि कुठेही वेचून काढण्याजोगा नाही. ऐनवेळी नवा स्टॉक चढवला तर तुमचंच नव्हे, शेजारचं टेबलही तासभर ताटकळतं. स्टॉकची पावडर घातली की पाच मिनिटांत भागतं, पण ती आम्ही वापरत नाही.

चोवीस तास आधी कळवलंत तर वेगळं पातेलं चढतं : दुधी, टोमॅटो, दाणे काढलेली मक्याची कणसं, आल्याऐवजी सुंठ. कणसांचा गोडवा असा उतरतो की पथ्य नसलेली मंडळीही हेच सूप मागतात. दर तोच.

मात्र फोनवर नुसतं "जैन" सांगू नका. कंदमुळं वर्ज्य एवढंच, की यीस्टचा पावही नको? चौविहार असेल तर सूर्यास्ताआधी जेवण उरकायला हवं. पुण्यात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या आसपास. आम्ही एरवी साडेसातला दार उघडतो, पण आधी सांगितलंत तर साडेचारलाही वाढतो.

उपवासाचंही तसंच. वरई, राजगिरा, शिंगाडा यांचे पाच टप्पे आम्ही करतो, आणि साबुदाण्याच्या खिचडीच्या पुढचं काही हवं असेल तर जरूर खाऊन बघा. पण जिरं-कोथिंबीर एका घरात चालते, दुसऱ्यात नाही; ते सांगा. संकष्टीला उपवास चंद्रोदयानंतर सुटतो, म्हणजे बहुधा साडेआठ ते दहाच्या दरम्यान. त्या दिवशी आठचं टेबल घेऊन चंद्राची वाट पाहत बसण्यापेक्षा पंचांग पाहून वेळ ठरवा.

अॅलर्जी असेल तर "शक्यतो नको" म्हणू नका, "अजिबात चालत नाही" म्हणा. पहिल्यात आम्ही वरचे काजू काढतो; दुसऱ्यात कढई, तेल, कापायचा बोर्ड, सगळं वेगळं घेतो. टार्टच्या पारीत बदामाची पूड असते आणि व्हाइट सॉसला मैद्याचा दाटपणा. दोन्ही पाहून कळत नाही. शाकाहारी मंडळींसाठी : अस्सल पार्मेजान चीज वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटनं विरजतात, म्हणून शाकाहारी ताटात आम्ही ते घालत नाही. पुडिंगमध्येही जिलेटिन नसतं, चायना ग्रास असतो.

माणसं वाढली-घटली तर दुपारी बारापर्यंत कळवा. पहिला टप्पा सगळे बसल्यावरच सुटतो. निम्मी मंडळी चांदणी चौकात अडकली असतील तर बाकीच्यांना पाव-लोणी मिळेल, सूप नाही. गाडी आवारात लावा, शेजाऱ्यांच्या फाटकापुढे नको.

फोन सकाळी दहा ते बारा करा. संध्याकाळी सहानंतर उचलणाऱ्याचे हात कणकेत असतात. आणि सांगायचं राहूनच गेलं, तर कांदा-लसणाशिवाय लगेच होण्यासारखे दोन पदार्थ आहेत : भाजलेल्या लाल भोपळ्याचं सॅलड आणि लोणी-मिरीतला पास्ता. दोन्ही चांगले आहेत, पण ते पाच टप्प्यांचं जेवण नव्हे, आणि बिलही दोनच पदार्थांचं होतं.