खात नाही, की वाट्याला येत नाही?

पुरुषांपेक्षा बायका मांसाहार कमी करतात, हे खरंच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाचे सुमारे ८३ टक्के पुरुष कधी ना कधी मासे, चिकन किंवा मटण खाणारे निघाले. बायका सुमारे ७१ टक्के. पण घराघरांतल्या या ‘कमी खाण्या’त दोन निराळ्या गोष्टी असतात आणि आपण त्या सर्रास एक समजतो.

पहिली, स्वतःहून सोडणं. कुणी माळ घालतं, कुणाला वासच सोसत नाही. सोमवार, संकष्टी, मार्गशीर्षातले गुरुवार बहुतेक घरांत बाईच पाळते. त्याच दिवशी नवरा धाब्यावर खाऊन येऊ शकतो. तिचं सोडणं मनापासूनचं असेल तर त्याचा मान राखावा.

दुसरी गोष्ट मला जास्त खुपते. रविवारी अर्धा किलो मटण येतं. आधी पुरुष जेवतात, मग मुलं. जावई आला असेल तर नळी त्याची. शिजवणारी शेवटी बसते तेव्हा पातेल्यात रस्सा उरलेला असतो आणि एखादं हाड. आता हिला कुणी विचारलं तर ती ‘आठवड्यातून एकदा खाते’ म्हणेल, आणि ते खोटंही नसेल. सर्वेक्षणात किती वेळा खाता हे विचारतात, किती फोडी मिळाल्या हे नाही. म्हणजे सोडणारी आकड्यात दिसते. वाटा न मिळालेली मात्र खाणाऱ्यांतच मोजली जाते.

याच सर्वेक्षणात ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला, पुरुषांत २५ टक्क्यांना. पाळी आणि बाळंतपण ही त्यामागची मोठी कारणं. म्हणूनच राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत लोह पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम, तर बाईला २९. मटण-कलेजीतलं लोह शरीरात भाजी-डाळीतल्यापेक्षा सहज शोषलं जातं, आणि ज्या घरात ते शिजतं तिथेही गरज जास्त असलेलीच उपाशी राहते.

जिने सोडलंय तिने कडधान्यं, पालेभाज्या लिंबू पिळून खाव्यात, जेवणालगत चहा टाळावा, रक्त तपासून घ्यावं. जिच्या वाट्याला येत नाही तिला बीट खायचा सल्ला देऊन काय होणार? तिथे मटणाच्या फोडी आणि माशाच्या तुकड्या आधी मोजून सगळी ताटं एकदमच वाढायला हवीत, वाढणारीचं धरून.