पुस्तकांवरील पालकांच्या हरकती (अमेरिकेतील हायस्कूल)

नववी ते बारावीच्या इंग्रजीच्या वर्गाला लावलेले किंवा शाळेच्या ग्रंथालयात ठेवलेले एखादे पुस्तक काढून टाकावे, अशी मागणी अमेरिकेत पालक वा स्थानिक रहिवासी करतात, ती हरकत. मागणीमुळे पुस्तक प्रत्यक्ष हटवले, तर त्याला बंदी म्हटले जाते. बालभारतीसारखी सगळ्या शाळांना एकच पुस्तक देणारी संस्था तिथे नाही. राज्य अभ्यासक्रमाची मानके ठरवते, पण वर्गात कोणती कादंबरी शिकवायची हे बहुतेक ठिकाणी शिक्षक आणि शालेय जिल्ह्याचे (स्थानिक शाळा चालवणाऱ्या विभागाचे) स्कूल बोर्ड ठरवते. असे शालेय जिल्हे सुमारे १३,००० आहेत आणि बोर्डाचे सदस्य बहुधा निवडून आलेले असतात. त्यामुळे पुस्तकाचा वाद पुष्कळदा निवडणुकीचाही विषय होतो.

लावलेले पुस्तक आणि ग्रंथालयातले पुस्तक यांतला फरक कळीचा आहे. न्यूयॉर्क राज्यातील आयलंड ट्रीज या शालेय जिल्ह्याच्या बोर्डाने १९७६ मध्ये शाळेच्या ग्रंथालयातून काही पुस्तके काढली, तेव्हा विद्यार्थी कोर्टात गेले. या ‘पिको’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला. पुस्तकातले विचार पटत नाहीत एवढ्याच कारणाने बोर्डाला ते ग्रंथालयातून काढता येणार नाही, असे न्या. ब्रेनन यांनी लिहिले. मात्र त्यांच्या मताला न्यायालयात पूर्ण बहुमत नव्हते आणि निकाल अभ्यासक्रमाला लागू नव्हता. काय शिकवायचे याबाबत बोर्डाचे अधिकार आजही बरेच मोठे आहेत.

हरकतीची पद्धत बहुतेक जिल्ह्यांत लिहून ठेवलेली असते. पालक आधी शिक्षकाशी बोलतात, मग मुख्याध्यापकांशी. तिथे मिटले नाही तर फेरविचाराचा अर्ज भरायचा. त्यात पुस्तकाचे नाव, आक्षेपाची पाने, आक्षेपाचे कारण आणि ‘आपण संपूर्ण पुस्तक वाचले आहे काय?’ हा प्रश्न असतो. हा प्रश्न वगळू नये. दोन परिच्छेदांच्या झेरॉक्सवरून केलेली हरकत इथेच उघडी पडते. पुढे शिक्षक, ग्रंथपाल, प्रशासक व पालक यांची समिती सबंध पुस्तक वाचून शिफारस करते. तिच्यावर सुपरिंटेंडंटकडे (जिल्ह्यातल्या शाळांच्या प्रशासकीय प्रमुखाकडे) किंवा बोर्डाकडे अपील करता येते.

निर्णय होईपर्यंत पुस्तक वापरात ठेवावे, असा ग्रंथपाल संघटनांचा आग्रह असतो. न्यू जर्सीच्या २०२४ च्या ‘फ्रीडम टू रीड’ कायद्याने शालेय ग्रंथालयांसाठी हेच तत्त्व स्वीकारले. त्या राज्यात मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, तेव्हा तिथल्या पालकांनी आपल्या जिल्ह्याचे धोरण वाचून ठेवावे. फ्लोरिडात २०२३ पासून उलट आहे: लैंगिक मजकुराची हरकत आली की पाच शालेय दिवसांत पुस्तक बाजूला ठेवावे लागते आणि निकाल लागेपर्यंत ते मुलांना मिळत नाही. समितीचे काम लांबले, तर अख्खे सत्र तसेच निघून जाते.

स्वतःच्या मुलासाठी पर्यायी पुस्तक मागण्याचा मार्ग बहुतेक शाळा देतात, आणि पालकांच्या सहभागाचा तो सर्वांत न्याय्य प्रकार आहे. तो फसतो तो तयारीअभावी. पर्यायी पुस्तक त्याच विषयाचे आणि तितक्याच ताकदीचे नसेल, तर निबंधाचा प्रश्न बदलावा लागतो आणि मूल चर्चेच्या तासाला ग्रंथालयात एकटे बसते. सत्राच्या सुरुवातीलाच पुस्तकांची यादी घरी पाठवली, प्रत्येक पुस्तकाला जोड ठरवून ठेवली, तर हे टळते. २०२५ च्या ‘महमूद विरुद्ध टेलर’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने धार्मिक कारणावरून मुलाला विशिष्ट पाठांतून वगळण्याची मागणी उचलून धरली. ते प्रकरण प्राथमिक वर्गांच्या चित्रकथांचे होते, पण त्यामुळे आगाऊ सूचनेचे महत्त्व हायस्कुलातही वाढले आहे.

प्रश्न उभा राहतो तो दुसऱ्यांच्या मुलांसाठीही पुस्तक हटवायला सांगितले जाते तेव्हा. अशा मागण्या प्रामुख्याने पालकांकडून येतात हा समज चुकीचा आहे. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने २०२४ मध्ये शालेय व सार्वजनिक ग्रंथालयांतील ८२१ प्रयत्न नोंदवले. त्यांपैकी ७२ टक्के मागण्या दबावगट आणि सरकारी पदाधिकारी वा संस्थांच्या होत्या. पालकांच्या १६ टक्के. तक्रार येण्याआधीच शिक्षकाने यादीतून गाळलेली कादंबरी किंवा मुख्याध्यापकांनी अर्जाशिवाय कपाटात ठेवायला सांगितलेले पुस्तक अशा नोंदीत सहसा येतच नाही.