गंजदुरुस्ती, जुन्या पिकअपच्या केबिनची

केबिनचा कुजलेला पत्रा कापून काढायचा आणि त्याच आकाराचा नवा तिथे बसवायचा, याला गंजदुरुस्ती म्हणतात, नुसतं घासून रंग मारणं यात धरत नाहीत. इथे उदाहरण अमेरिकेतल्या शेवरोलेच्या ॲडव्हान्स डिझाइन पिकअपचं घेतलंय (१९४७ च्या मध्यापासून १९५५ च्या सुरुवातीपर्यंत), कारण तिचे सुटे पत्रे आजही नवे बनवून मिळतात आणि ती कुजते पण ठरलेल्या जागीच: केबिनचे मागचे खालचे कोपरे, दाराखालचा उंबरा, पायाखालचा पत्रा.

कोपरेच आधी का जातात यावर मात्र एकमत नाही. काहीजण सगळं खापर रस्त्यावरच्या मिठावर फोडतात. बर्फ वितळवायला मीठ टाकायची पद्धत तिकडे साधारण १९४० नंतर रुळली, त्यामुळे काळ जुळतो खरा. दुसरं मत असं की दोष रचनेतच आहे. कोपरा दुहेरी पत्र्याचा, मधे पोकळी, तिच्यात वरून धूळ आणि पाला येऊन बसतो, तो ओल धरून ठेवतो, पाणी निघायची वाट बुजते, आणि आतून रंग धड पोचलेलाच नसतो, कारण अख्खी बॉडी रंगात बुडवून विजेने थर चढवायची पद्धत मोटार कारखान्यांत १९६० च्या दशकात आली. मीठ न टाकणाऱ्या भागातल्या गाड्याही तिथेच कुजलेल्या सापडतात, तेव्हा दुसरं मत जास्त पटतं, मिठाने फक्त वेग वाढतो. त्यात गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणजे स्पॉट वेल्डने (ठिपक्या-ठिपक्यांनी वितळवून) जोडलेले दोन पत्रे तो आतून फाकवतो आणि फट वाढली की पाणी अजून आत.

तपासायला स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबतात, आणि चुंबक फिरवतात. चुंबक चिकटला नाही की समजायचं खाली लांबी (पुट्टी) भरलीय (आधीच्या मालकाची कृपा).

१९४९ पासून या पिकअपची पेट्रोलची टाकी केबिनमध्येच, सीटमागे, म्हणजे कोपऱ्याच्या अगदी शेजारी. ती बाहेर काढल्याशिवाय ग्राइंडर सुद्धा लावायचा नाही, रिकामी असली तरी नाही, कारण आतली वाफच पेटते. मग दाराच्या चौकटीत आडवा पाइप टाचून घेतात, नाहीतर उंबरा कापला की केबिन खचते आणि नंतर दार काही केल्या लागत नाही.

जोड कसा द्यायचा हा दुसरा वाद. पत्र्यावर पत्रा चढवला तर काम सोपं, पत्रा कमी वाकतो, पण दोन पत्र्यांमधे पुन्हा तीच पाणी धरणारी फट तयार होते जिच्यापायी हे सगळं झालं. कडेला कड भिडवून केलेला जोड वेळखाऊ, पण बाहेरच्या दिसणाऱ्या पत्र्याला तोच बरा. पत्रा असतो मिलीमीटरच्या आसपास, त्यामुळे ०.६ मिमीची तार घेऊन सीओटू वेल्डिंगचे (कार्बन डायऑक्साइडच्या आवरणात विजेने तार वितळवून) टाके एकमेकांपासून लांब लांब मारतात, एक इथे, पुढचा वीतभर पलीकडे, मधे पत्रा हाताला कोमट लागेपर्यंत थांबायचं. आपल्याकडचे जुने डेंटर हेच गॅसवर करायचे, पण ती ज्योत पत्रा फार रुंद तापवते आणि सपाट भागाला पोक येतो, मग हातोडी आणि डॉली (पत्र्यामागे टेकवायचा लोखंडी ठोकळा) घेऊन तासन्‌तास बसा.

उरलेल्या बारीक गंजाला फॉस्फोरिक ॲसिड लावतात, वर इपॉक्सी प्रायमर, आणि रंग वाळल्यावर पोकळीत पातळ मेण फवारतात. खालची पाणी जायची भोकं मात्र मोकळी ठेवायची.