ईजीआर व्हॉल्व्ह खरोखरच बिघडला आहे का?

मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला, स्कॅनर जोडल्यावर पी०४०१ हा संकेत दिसला आणि तेवढ्या आधारावर ईजीआर व्हॉल्व्ह (जळून बाहेर पडणारा एक्झॉस्ट वायू थोड्या प्रमाणात इंजिनात परत सोडणारी झडप) बदलून टाकला, तर काही दिवसांनी तोच दिवा पुन्हा लागण्याची शक्यता बरीच असते. या संकेतातून इंजिनाचा संगणक एवढेच सांगत असतो की एक्झॉस्ट वायूचा जेवढा प्रवाह इंजिनात परत यायला हवा होता, तेवढा आला नाही. तो का आला नाही, हे शोधण्याचे काम तपासणाऱ्यावरच सोडलेले असते.

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि एरवी तो कशाच्या अध्यातमध्यात नसतो. सिलिंडरमधील ज्वालेचे तापमान सुमारे १५०० अंश सेल्सियसच्या वर गेले की मात्र तो ऑक्सिजनशी झपाट्याने संयोग पावू लागतो आणि नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे तयार होतात. ही अभिक्रिया तापमानावर किती तीव्रतेने अवलंबून असते, हे याकोव झेल्डोविच या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात उलगडून दाखवले. त्यामुळे ज्वालेचे कमाल तापमान थोडे जरी उतरवता आले, तरी ऑक्साइडांचे प्रमाण पुष्कळ घटते. त्यासाठी एकदा जळून गेलेला वायूच थोड्या प्रमाणात पुन्हा आत सोडला जातो. त्यातील कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ स्वतः जळत नाहीत, उष्णता शोषून घेतात आणि ऑक्सिजनची जागा अडवतात. पेट्रोल इंजिनात हे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के असते, तर डिझेल इंजिनात कमी भाराच्या वेळी ते ५० टक्क्यांपर्यंतही जाऊ शकते.

हा वायू आत सोडण्याचे आणि अडवण्याचे काम ईजीआर व्हॉल्व्ह करतो. त्याच्या दोन प्रमुख बिघाडांची लक्षणे एकमेकांपासून स्पष्टपणे वेगळी आहेत. व्हॉल्व्ह उघडा अडकला, तर पेट्रोल इंजिन आयडलिंगला थरथरते किंवा बंदच पडते, कारण आधीच थोड्या असलेल्या ताज्या मिश्रणात नको तेवढा निष्क्रिय वायू मिसळतो. डिझेल गाडी अशा वेळी ताकद गमावते आणि काळा धूर ओकते. व्हॉल्व्ह बंद अडकला, तर गाडी चालवणाऱ्याला बहुधा काहीच जाणवत नाही. फार तर चढावर पेट्रोल इंजिनातून नॉकिंगचा टकटक आवाज येतो आणि प्रदूषण तपासणीत नायट्रोजन ऑक्साइडे वाढलेली आढळतात. म्हणूनच ‘गाडी तर उत्तम चालते आहे’ या वाक्याला ईजीआरच्या निदानात फारसे वजन देता येत नाही.

प्रवाह संगणकाला थेट दिसत नसतो, हा यातला खरा नाजूक भाग आहे. बऱ्याच डिझेल गाड्यांमध्ये तो हवेचे वस्तुमान मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरवरून अंदाज बांधतो: व्हॉल्व्ह उघडला की परत आलेल्या वायूने जागा व्यापल्यामुळे बाहेरून येणारी ताजी हवा तेवढी कमी व्हायला हवी. अनेक पेट्रोल गाड्यांमध्ये इनटेक मॅनिफोल्डमधील, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांमधील, दाब वाढतो का, हे पाहिले जाते. आता एमएएफ सेन्सरवर मळ बसून तो हवा कमी मोजू लागला, तर संगणकाला वाटते की आधीच खूप वायू परत येतो आहे, आणि तो व्हॉल्व्ह मिटत नेतो. एमएएफच्या पुढच्या रबरी नळीला चीर पडून तिथून न मोजलेली हवा आत शिरली, तरी असाच घोटाळा होतो. दोन्ही वेळी व्हॉल्व्ह निर्दोष असतो, पण संशय त्याच्यावरच घेतला जातो.

त्यामुळे पाना हाती घेण्याआधी स्कॅनरवर थेट आकडे पाहावेत. संगणकाने व्हॉल्व्ह किती टक्के उघडण्याचा हुकूम दिला आणि तो प्रत्यक्षात किती उघडला, हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवले की बरेच काही उलगडते. हुकूम ३० टक्क्यांचा असताना व्हॉल्व्ह १० टक्क्यांवरच थांबत असेल, तर तो काजळीने जाम झाला आहे किंवा त्याची मोटर तरी थकली आहे. हुकूम तंतोतंत पाळला जात असूनही ताज्या हवेचा आकडा हलत नसेल, तर वाट पुढे कुठेतरी बुजलेली असावी. डिझेलची काजळी आणि क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या, तेल असलेल्या भागातून) येणारी तेलाची वाफ एकत्र होऊन मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखा थर बसतो; कित्येकदा बोटभर रुंद मार्गातून पेन्सिल जाईल एवढेच भोक उरलेले दिसते. पी०४०३ ते पी०४०६ या संकेतांचा रोख मात्र बहुतांशी विजेकडे किंवा व्हॉल्व्ह किती उघडला हे सांगणाऱ्या स्थिती सेन्सरकडे असतो, तेव्हा तिथे आधी कनेक्टर आणि वायरी तपासाव्यात.

जुन्या, व्हॅक्यूमवर चालणाऱ्या व्हॉल्व्हची परीक्षा आणखी सोपी, आणि माझ्या मते सर्वांत समाधान देणारी आहे. इंजिन आयडलिंगला ठेवून हातपंपाने व्हॉल्व्हच्या डायफ्रामला (त्याला उचलणाऱ्या लवचिक पडद्याला) व्हॅक्यूम द्यावा. इंजिन अडखळले, तर मार्ग मोकळा आहे. व्हॉल्व्ह उचलला जाऊनही काहीच फरक पडला नाही, तर मार्ग तुंबला आहे. व्हॅक्यूम टिकतच नसेल, तर डायफ्राम फाटलेला असण्याची शक्यता आहे. काही व्हॉल्व्ह एक्झॉस्टचा दाब असल्याशिवाय मुळातच व्हॅक्यूम धरत नाहीत, याचा विसर पडला तर चांगला व्हॉल्व्ह फेकून दिला जातो.

डिझेलमधील ईजीआर कूलर, म्हणजे परत येणारा वायू कूलंटने थंड करणारा भाग, हे प्रकरण निराळे आहे. कूलंट कमी होत असेल, बाहेर कुठे गळती दिसत नसेल आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल, तर कूलर आतून फुटल्याचा संशय घ्यावा आणि गाडी तशीच दामटू नये.

व्हॉल्व्ह साफ केला किंवा बदलला, तर अनेक गाड्यांमध्ये ‘पूर्ण बंद’ ही स्थिती संगणकाला स्कॅनरवरून नव्याने शिकवावी लागते. त्यानंतर संकेत पुसला की दिवा लगेच विझतो, पण त्यावरून दुरुस्ती साधली असे ठरत नाही. संगणक ईजीआरची स्वतःची चाचणी विशिष्ट वेग, भार आणि तापमान जुळल्यावरच घेतो. ती चाचणी पूर्ण झाल्याची नोंद स्कॅनरवर दिसेपर्यंत गाडी चालवून पाहावी लागते.